काखेत कळसा: न उतरणारा ताप आणि 'दुर्मीळ' आजाराची भीती

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वडील ५६ वर्षांचे, भंडारा जिल्ह्यात धानाची शेती. पोळ्यानंतर ताप आला, आज आठवा दिवस. गावच्या डॉक्टरांनी विडाल ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह बघून टायफॉइड सांगितला. सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं पाच दिवस झाली, तरी ताप १०२-१०३ वरच आहे. डोकं ठणकतंय, कोरडा खोकला सुरू झालाय. प्लेटलेट ८२ हजार, लिव्हरची एंझाइम्स थोडी वाढलेली. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह, पण ती सहाव्या दिवशी केलेली. पुण्यात बसून तुम्ही रात्रभर नेटवर शोधलंत आणि आता ल्युपस आणि स्टिल्स डिसीज (प्रतिकारशक्ती बिघडून होणारे आजार), ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) अशी यादी घेऊन विचारताय की हा एखादा दुर्मीळ आजार तर नाही ना, आणि बाबांना मुंबईला हलवावं का.

मी पूर्व विदर्भात एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, सत्तावीस वर्षं. दर पावसाळ्याच्या शेवटी माझ्या ओपीडीत तुमच्या वडिलांसारखी माणसं रोज येतात. "डॉक्टरसाहेब, ताप उतरूनच नाही राहिला," हे वाक्य ऑगस्ट ते नोव्हेंबर मी इतक्या वेळा ऐकतो की झोपेतही ऐकू येतं. तरीही आधीच सांगतो, पेशंट न बघता निदान मी करणार नाही, आणि कुणी करत असेल तर त्याचं ऐकू नका. मी एवढंच सांगू शकतो की हा पेशंट माझ्यासमोर असता तर मी कुठल्या क्रमाने विचार केला असता.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती आजच करायची. वडिलांना धाप लागतेय का? बोलताना एक वाक्य पूर्ण करता येतंय का? लघवी नेहमीइतकी होतेय का? बोलण्यात भ्रम, असंबद्धपणा किंवा नको तितकी झोप आहे का? डोळे पिवळे दिसताहेत का? हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शौच, पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी? यातलं एकही असेल तर हे उत्तर वाचणं थांबवा आणि आयसीयूची सोय असलेल्या दवाखान्यात हलवा. तेही नागपूरला, मुंबईला नाही. आठव्या दिवशी तापातला माणूस आठशे किलोमीटर नेण्यात जो वेळ जातो, तो नेमका महागात पडणारा वेळ असतो. नागपुरात या तापांचा अनुभव मुंबईपेक्षा जास्तच आहे, कमी नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय की कुठला दुर्मीळ आजार. माझ्या मते प्रश्न वेगळा आहे. आठ दिवसांत तीन गोष्टी कुणी केल्याचं तुमच्या लिहिण्यात दिसत नाही. ताप नक्की कोणत्या दिवशी सुरू झाला हे विचारलेलं नाही. त्याआधीचे दोन आठवडे वडील कुठे होते, काय करत होते हे विचारलेलं नाही. आणि कपडे काढून त्यांचं अख्खं अंग कुणी बघितलेलं नाही. यातल्या एकालाही पैसा लागत नाही.

दिवस मोजण्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे ताप मोजायला सुरुवात होते ती डॉक्टरकडे गेलेल्या दिवसापासून. त्याआधी दोन दिवस अंगात कणकण होती, क्रोसिन खाऊन माणूस वावरात गेला होता, हे धरलंच जात नाही. मी तारीख विचारत नाही, सण विचारतो. "पोळ्याला बैल धुतले तेव्हा अंग दुखत होतं का? तान्ह्या पोळ्याला पोराबरोबर फिरलात का?" मग उत्तर येतं, "नाही जी, त्या दिवशी तर पडूनच होतो." असे दोन दिवस वाढले की कागदावरच्या चाचण्यांचा अर्थ बदलतो. डेंग्यूची एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत भरवशाची, पुढे तिचा उपयोग उतरत जातो. सहाव्या दिवशी (म्हणजे कदाचित आठव्या) केलेली निगेटिव्ह एनएस-१ मला काहीच सांगत नाही. त्या वेळी आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं बघणारी चाचणी, करायला हवी होती.

विडालबद्दल थोडं बोलतो, कारण या एका चाचणीने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जितकी चुकीची निदानं केलीत तितकी बहुधा दुसऱ्या कुठल्याच चाचणीने केली नसतील. जॉर्ज-फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरने ती १८९६ मध्ये मांडली, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. ती जीवाणू शोधत नाही, टायफॉइडच्या जीवाणूविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण बघते. ज्या भागात टायफॉइड कायम फिरतो तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती प्रतिपिंडं थोडीफार असतात. दुसऱ्या तापांतही विडाल वर जाते. आठवड्याच्या अंतराने दोनदा केली आणि आकडा चौपटीने वाढला, तर काही म्हणता येतं. एकदाच केलेली विडाल म्हणजे धुक्यात दिसलेलं झाड, वाघही वाटू शकतं. टायफॉइडची खरी तपासणी रक्ताचं कल्चर, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं. ते घेतलं गेलं नाही, याचा दोष मी एकट्या गावच्या डॉक्टरांना देणार नाही. कल्चर घेऊन जिल्ह्याला पाठवायचं, चार दिवस थांबायचं, त्याचे पैसे मागायचे, आणि पेशंट म्हणणार की शेजारच्या गल्लीतला डॉक्टर लगेच सलाईन लावतो. मी तिथे असतो तर तरुणपणी मीही कदाचित तेच केलं असतं.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडतो. खरा टायफॉइड असेल तरीही योग्य औषधावर ताप उतरायला चार ते सहा दिवस लागू शकतात. म्हणजे 'पाच दिवस इंजेक्शन झालं, फरक नाही' एवढ्यावर टायफॉइड नाहीच असं मला म्हणता येत नाही. पण पाचव्या दिवशी निदान ताप खालच्या पायरीवर आलेला, भूक थोडी परतलेली अशी चिन्हं दिसायला हवीत. इथे उलट नवा खोकला सुरू झालाय. ही दिशा मला आवडत नाही.

आणि प्लेटलेट. लोक म्हणतात 'पेशी कमी झाल्या', आणि घरात रडारड सुरू होते. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, रक्तपेढीत फोन. ८२ हजार हा आकडा बघून मला भीती वाटत नाही, कुतूहल वाटतं. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस, कधी टायफॉइडसुद्धा, सगळेच प्लेटलेट खाली आणतात. रक्तस्राव होत नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. मी त्या कागदावर प्लेटलेटच्या शेजारचे दोन आकडे बघतो. डेंग्यूत धोका रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपण्याचा असतो, त्यामुळे रक्त घट्ट होतं आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) वर चढतो. पांढऱ्या पेशीही बहुतेक वेळा खाली येतात. शिवाय डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवसांचा, आणि खरा धोका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत. आठव्या किंवा दहाव्या दिवशी १०३ ताप असेल तर नुसता डेंग्यू हे उत्तर मला कमकुवत वाटतं. तुम्ही रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन लिहिलेलं नाही. ते का विचारतोय ते पुढे सांगतो.

आता तुमच्या मूळ शब्दाकडे येऊ, 'दुर्मीळ'. हा शब्द आजाराचा गुण नाही, पत्त्याचा आणि महिन्याचा आहे. मी मेडिकलला असताना सिकल सेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराबद्दल वाचलं, तेव्हा तो परदेशी आजार वाटला होता. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी वर्णन केलेला पहिला पेशंट ग्रेनाडा बेटावरचा विद्यार्थी. मग इथे प्रॅक्टिस सुरू केली आणि पहिल्याच वर्षी समजलं की गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडाऱ्याच्या ओपीडीत गुडघे-पाठ दुखणारा, डोळे पिवळट असलेला पोरगा आला की सिकल सेल आधी आठवायचा. पुण्यातल्या माझ्या मित्राने वर्षानुवर्षांत एखादाच पाहिलाय. माकडतापाचंही तसंच. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो सापडला. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गच्या काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो होतोय. तिथला डॉक्टर जानेवारी-फेब्रुवारीत तापाच्या पेशंटला आधी विचारतो, बागेत मेलेलं माकड दिसलं का, अंगाला गोचीड लागली होती का. भंडाऱ्यात तो प्रश्न मी विचारत नाही.

तुम्ही पुण्यात राहता, तर २०२५ चा जानेवारी आठवत असेल. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच उलटून हातपाय लुळे पडतात तो, एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, आणि बोट गेलं ते दूषित पाण्याकडे. त्या महिन्यात त्या रस्त्यावर जुलाब झाल्यानंतर पायातली ताकद गेलेला माणूस 'दुर्मीळ' नव्हता. नेटवर शोधलं की लक्षणांची यादी मिळते, पण गाव आणि महिना ती यादी विचारत नाही. तुम्ही 'ताप, प्लेटलेट कमी, लिव्हर एंझाइम वाढलेले' असं टाकलंत, त्याने जगभरच्या पुस्तकांतून ल्युपस आणून दिला. 'भंडारा, सप्टेंबर, धानाचा शेतकरी' हे तुम्ही त्याला सांगितलंच नाही.

हे तीन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात पहिला आजार येतो तो स्क्रब टायफस. तुम्ही तो यादीत लिहिलेला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उंच गवत, झुडपं, पडीक रान, धुऱ्यावरचं (बांधावरचं) तण, अशा जागी उंदरांच्या आश्रयाने एक बारीक माइट (गोचिडीच्या जातीचा किडा) राहतो. त्याची अळी डोळ्याला दिसत नाही इतकी लहान असते. फक्त ही अळीच चावते, आणि ती चावल्याचं कळतसुद्धा नाही. तिच्यातून ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जीवाणू अंगात जातो. नाव जपानी आहे, कारण या तापाची ओळख जपानमधल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना फार जुनी. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर सैनिक याने आजारी पडले. आपल्याकडे तो नंतर बरीच वर्षं विस्मरणात होता, म्हणजे माणसं आजारी पडत होती, नाव दुसरं लागत होतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत एकापाठोपाठ पेशंट सापडले आणि मृत्यू झाले, तेव्हा आम्ही सगळे खडबडून जागे झालो. त्या वर्षानंतर मी माझ्या जुन्या फाइली काढून बसलो होतो. 'टायफॉइड, उपचारांना प्रतिसाद नाही' असे शेरे मीच मारलेले होते. त्यातले किती स्क्रब होते हे आता कळायला मार्ग नाही.

अळी चावल्यापासून ताप यायला सहा ते एकवीस दिवस लागतात, बहुतेकदा दहा-बारा. म्हणून मी विचारतो की पोळ्याच्या दहा-बारा दिवस आधी तुम्ही काय करत होतात? बैलांसाठी धुऱ्यावरचं गवत कापलं? भारा डोक्यावर आणला? निंदणाच्या वेळी बांधावर बसून डबा खाल्ला? वडील काल-परवा कुठे गेले होते हे विचारून उपयोग नाही, पोळ्याआधीच्या कामांची उजळणी करा.

पहिल्या आठवड्यात हा ताप कुठल्याही तापासारखा दिसतो. डोकं जबरदस्त दुखतं, अंग मोडून येतं, डोळे लालसर होतात. दुसऱ्या आठवड्यात तो रंग दाखवतो. कोरडा खोकला, मग धाप, म्हणजे फुप्फुसात सूज. किडनी कुरकुरते, लिव्हर एंझाइम्स वाढतात, काहींना मेंदूज्वरासारखा भ्रम होतो. तुमच्या वडिलांचा खोकला सातव्या-आठव्या दिवशी सुरू झाला, म्हणून मी वर म्हटलं की दिशा आवडत नाही.

आणि आता ती खूण. अळी जिथे चावते तिथे अनेकांना एक छोटा व्रण होतो, मधोमध काळी खपली, भोवती लालसर कडा, सिगारेटचा चटका बसावा तसा. इंग्रजी पुस्तकात त्याला एस्कार म्हणतात. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे पेशंटला पत्ताच नसतो. अळीला मऊ, दमट, कपड्याने दाबलेली जागा आवडते: काख, जांघ, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली, बेंबीजवळ, कानामागे, अंडकोषाची कातडी, नितंबांची घडी. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण या आजारासाठीच केली असावी असं मला कधी कधी वाटतं. लोक नागपूर-मुंबईच्या वाऱ्या करतात, आणि निदान शब्दशः काखेत असतं.

यात माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी चाळिशीतली एक बाई आली, दुसरीकडे आठ दिवस टायफॉइडची औषधं घेऊन. मी तपासलं, म्हणजे छाती ऐकली, पोट दाबलं, हात-पाय बघितले, एक काख बघितली. बाई लाजत होत्या, वॉर्ड भरलेला होता, मी पुढे गेलो. रक्ताचे सगळे नमुने पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने अंग पुसताना मला हाक मारली. डाव्या स्तनाच्या खाली, घडीत, एक व्रण होता. काळासुद्धा नव्हता. घामाच्या जागी खपली धरत नाही, नुसता पिवळट-पांढरा उथळ खड्डा दिसतो. बाईंना वाटत होतं परकर-पोलक्याने घासलंय. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, तिसऱ्या दिवशी त्या उठून बसून चहा मागत होत्या. ते एक दिवस उशिरा सुरू झालं, ते माझ्यामुळे. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. पाच दिवसांच्या वरचा ताप असला की पडदा ओढायचा, बायांना सिस्टरने आणि पुरुषांना मी स्वतः डोक्यापासून पायापर्यंत बघायचं.

व्रण नाही दिसला म्हणजे स्क्रब नाही, असं मात्र समजू नका. बऱ्याच जणांना तो होतच नाही, किंवा ताप येईपर्यंत बरा झालेला असतो. सापडला तर घबाड, नाही सापडला तर विचार चालू ठेवायचा.

सेफ्ट्रिॲक्सोन का चाललं नसेल, याचं उत्तरही इथे आहे. पेनिसिलिन, सेफ्ट्रिॲक्सोन या घराण्यातली औषधं जीवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतात. हा जीवाणू आपल्या पेशींच्या आत जाऊन बसतो आणि तशी भिंत त्याला जवळपास नावापुरतीच असते. डॉक्सीसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन पेशीच्या आत पोचून त्याची प्रथिनं बनवण्याची प्रक्रियाच अडवतात. स्क्रब असेल तर डॉक्सीवर ताप बहुतेकदा ४८ तासांत उतरायला लागतो. हा फरक इतका ठळक असतो की गावातले लोक त्याला जादू म्हणतात. डॉक्सी स्वस्त आहे, एका स्ट्रिपला चहा-नाश्त्याचे पैसे. महाग इंजेक्शन चालू आहे म्हणजे भारी उपचार चालू आहेत, हा आपल्याकडचा समज इथे माणसाच्या जिवावर उठतो.

स्क्रबची आयजीएम एलायझा चाचणी पहिल्या आठवड्याच्या शेवटी पॉझिटिव्ह यायला लागते. तुमच्या वडिलांसाठी आता ती करण्यासारखी आहे. पण अशा भागात, अशा महिन्यात, अशा पेशंटला मी रिपोर्टची वाट बघत औषध अडवून ठेवत नाही. नमुना पाठवतो आणि औषध सुरू करतो. वाइल-फेलिक्स नावाची जुनी स्वस्त चाचणी काही ठिकाणी करतात. तीही विडालच्याच जातीची, पॉझिटिव्ह आली तर थोडं बळ मिळतं, निगेटिव्ह आली तर विसरून जायची.

म्हणजे स्क्रबच आहे असं मी सांगतोय का? नाही. इथवरचा हिशोब एवढाच: टायफॉइडचा पुरावा पातळ, डेंग्यूला दिवस जास्त झालेत, डेंग्यूची चाचणी चुकीच्या दिवशी झाली, जागा आणि महिना स्क्रबचा, आणि जे औषध चालू आहे ते स्क्रबवर चालत नाही. त्यामुळे तो सर्वांत आधी तपासायचा.

त्याच्याबरोबर दोन आजार त्याच दिवशी बघून घ्यायचे. पहिला मलेरिया. आमच्या शेजारी गडचिरोली आहे, तिथला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार, चेष्टेवारी न्यायचा नाही. एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणजे मलेरिया गेला असं नसतं. ताप असताना, बारा-चोवीस तासांच्या अंतराने, पुन्हा बघावी लागते. दुसरा लेप्टो. धानाच्या बांधीत पाणी, पाण्यात उंदराचं मूत, पायाला भेगा. याचं गणित सरळ आहे. पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, डोळे लाल पण चिपडं नाहीत, मग कावीळ आणि त्याचबरोबर क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) वाढलेलं. साध्या काविळीत लिव्हर एंझाइम्स हजारांत जातात आणि किडनी सहसा ठीक असते. लेप्टोत एंझाइम्स थोडीशी वाढलेली, पण बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि क्रिएटिनिन मात्र उसळलेलं. डॉक्सी लेप्टोवरही चालतं, ही त्यातली सोयीची बाब. आजार गंभीर असेल तर इंजेक्शनं लागतात, ते तिथल्या डॉक्टरांवर सोडा.

मग तुमच्या यादीचं काय? ती फेकून द्या असं मी म्हणत नाही, तिची वेळ अजून आलेली नाही. डॉक्सीचे ४८ ते ७२ तास पूर्ण झाले आणि ताप ढिम्म राहिला, तर मी खुर्ची मागे सरकवतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. तेव्हाही आधी इथलेच साधे आजार वेगळ्या वेषात शोधतो. दारू पिणाऱ्या माणसात लिव्हरमधला पूचा गोळा: उजव्या बरगडीखाली ठोकलं की कळवळतो, सोनोग्राफीत लगेच दिसतो. टीबी, जो आपल्या देशात कुठेही आणि कसाही असू शकतो. हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, विशेषतः लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला असेल तर. १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोघांनी 'कारण न सापडलेला ताप' याची व्याख्या केली, त्यात तीन आठवड्यांचा ताप आणि दवाखान्यातली आठवडाभराची तपासणी ही अट घातली. तीन आठवडे का? कारण तोवर बहुतेक साधे ताप आपोआप जातात किंवा आपलं नाव सांगतात. तुम्ही आठव्या दिवशीच त्या दारात उभे आहात.

तरी ल्युकेमियाबद्दल एक शब्द, कारण ती भीती घेऊन झोप लागत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच हिमोग्लोबिन विचारलं. अस्थिमज्जाच बिघडली की प्लेटलेट एकट्या पडत नाहीत. हिमोग्लोबिनही खाली येतं, पांढऱ्या पेशी एकतर फार कमी किंवा फार जास्त होतात, आणि तापाच्या आधी काही आठवडे माणूस थकलेला, पांढुरका, धाप लागणारा झालेला असतो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्येच एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. सगळ्यांनी स्क्रब म्हटलं, मीही म्हटलं. मग तिच्या आईने सहज सांगितलं की ही गणपतीच्या आधीपासून जिना चढताना थांबते. हिमोग्लोबिन सहा होतं. आठ-दहा दिवसांचा ताप हिमोग्लोबिन सहावर आणत नाही. रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी बघितली आणि त्याच संध्याकाळी तिला नागपूरला पाठवलं. मशीनच्या रिपोर्टवर थांबू नका, 'पेरिफेरल स्मिअर' पॅथॉलॉजिस्टकडून बघून घ्या म्हणा. पन्नाशीतल्या शेतकऱ्याचं हिमोग्लोबिन तेरा असेल आणि पोळ्याआधीपर्यंत तो नांगर धरत असेल, तर ल्युकेमियाचा विचार मी पहिल्या पानावर ठेवणार नाही.

स्टिल्स डिसीज मी इतक्या वर्षांत मोजके पाहिलेत. रोज ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, ताप उसळतो, त्याच वेळी अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठतं आणि तापाबरोबर मावळतं, घसा आणि सांधे दुखतात, रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत जातं. पण सुरुवातीला एकाही पेशंटमध्ये तो माझ्या डोक्यात नव्हता, आणि तसंच असायला हवं. संसर्ग एकेक करून बाद केल्यावरच त्या निदानाला हात लावायचा असतो, कारण त्यावरचा उपचार स्टेरॉइड. ल्युपसचंही जवळपास तेच. न ओळखलेल्या संसर्गात स्टेरॉइड दिलं तर दोन दिवस पेशंट झक्कास वाटतो आणि मग कोसळतो. खेड्यातल्या तापात 'एक इंजेक्शन मारलं आणि ताप लगेच गेला' ही गोष्ट ऐकली की मी आधी विचारतो, ते इंजेक्शन डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, होतं का? तुम्हीही विचारा.

आता फोन करून काय करायचं ते सांगतो. गावच्या डॉक्टरांवर तुटून पडू नका. रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांकडे तेच पोचणार आहेत, मी नाही. त्यांना म्हणा, "सर, विडालशिवाय अजून काही करायचं का? स्क्रबची आयजीएम, डेंग्यूची आयजीएम, मलेरियाची पुन्हा स्लाइड, क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे. आणि डॉक्सी सुरू करता येईल का?" शेवटचा प्रश्न प्रश्नासारखाच विचारा. बहुतेक डॉक्टरांना हे माहीत असतं, गर्दीत मागे पडलेलं असतं, कुणी आठवण केली तर राग येत नाही. आला, तर दुसरा डॉक्टर बघा. गोळी तुम्ही मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. वडिलांचं क्रिएटिनिन, उलट्या, आधीची औषधं हे बघून, तोंडाने द्यायची की शिरेतून हे समोर बसलेल्या माणसानेच ठरवायचं. घरात कुणी गरोदर बाई तापाने आजारी असेल तर तिच्यासाठी औषध वेगळं निवडावं लागतं, तेही सांगून ठेवतो, कारण एकाच वावरात काम करणाऱ्या दोघा-तिघांना ताप येणं नवं नाही. आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, ब्रूफेन, कॉम्बिफ्लाम काहीही नको, डेंग्यू पूर्ण बाद होईपर्यंत तर अजिबात नको.

आणखी एक काम तुमच्या भावाला किंवा आईला सांगा. एका कागदावर तारीख, वेळ, ताप, किती लघवी झाली आणि कुठलं औषध किती वाजता, एवढं लिहायचं. अनुभवी डॉक्टर त्या कागदाकडे फाइलच्या आधी बघतो.

आज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात नको, उद्या सकाळी उन्हात, आईला किंवा भावाला वडिलांना बसवून सगळं अंग बघायला सांगा. जांघ, नाडीची जागा, पाठ, कानामागे. वडील लाजतील, चिडतील, म्हणतील काही नाही झालं मला तिथे. ऐकू नका. आणि काख दोन्ही बघा, एक नाही.